मामीची न दिसणारी सूज

मामी,

तुझ्या घरातली चूल बंद होती तेव्हा काय झालं ते आधी सांगतो. तुला ते आवडलं असतं. मयत झालेल्या घरात चूल पेटवायची नाही, जेवण शेजारपाजारच्यांनी आणायचं, ही आपली रीत. पण या वेळी शेजारच्या बायकांच्या आधी तुझ्या मेसमध्ये जेवणारी फाउंड्रीतली माणसंच डबे घेऊन हजर झाली. ज्यांना तू इतकी वर्षं वाढलंस, ती सगळी खोलीवर स्वतः रांधून आली होती आणि दारात अवघडून उभी होती, जणू जेवण चांगलं झालं नाही तर तू आतून ओरडशील. बिहारच्या पोरांची खिचडी बरी होती. गारगोटीच्या एकानं पिठलं आणलं होतं, त्यात मिठाचा पत्ता नव्हता. मामांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "हे पिठलं हिला दावाय पायजे हुतं." सगळे हसले. गारगोटीवाला तर सगळ्यात जास्त हसला, आणि मग तोच भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

तुझा फोटो पेपरात छापून आला. नाव, गाव, मागे कोण कोण, सगळं त्यात आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला आपलं भांडण लिहायचंय, कारण ते अर्धवट राहिलं. आणि तुला उलट बोलता येत नाही अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली आहे, तिचा थोडा फायदा घेतो.

बारावी झाल्यावर नेसरीहून पत्र्याची पेटी घेऊन मी शिरोलीत तुझ्या दारात उतरलो, तेव्हा आमच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आईवडिलांना मनापासून वाटत होतं की मी शिकावं, पण शिकायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं याची त्यांना कल्पना नव्हती. तुलाही नव्हती. पण तुला एक गोष्ट कळली होती, शिकायला बसायला जागा लागते. मेसच्या कोपऱ्यातले पिठाचे डबे तू हलवलेस, तिथं एक टेबल टाकलंस, आणि परीक्षा जवळ आली की जेवणाऱ्यांना दम द्यायचीस, "आमचा साहेब शिकतोय. गप जेवा, न्हायतर बाहेर जाऊन बोला." तुझा तो दम दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा आणि माझं वाचन तिथंच तुटायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला तो आवाज हवाच होता.

जीवरसायनशास्त्र हा शब्द तू कधीच उच्चारला नाहीस. कोणी विचारलं की "रक्ताचं शिकतोय" म्हणायचीस. पुढे एम.एस्सी. करताना कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये मला काम मिळालं, तेव्हा तू सगळ्या मेसला गोड शिरा केलास आणि स्वतः दोनदा घेतलास. तो दुसऱ्यांदा घेतलेला शिरा मला आजही आठवतो, कारण त्याच महिन्यात तुझी साखर सापडली.

खरं तर नुसती साखर नव्हती. डॉक्टरांनी कमरेचा घेर मोजला, दाब बघितला, रक्तातली साखर आणि चरबी बघितली, आणि सगळं मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम आहे असं सांगितलं. घरी आल्यावर तू गोळ्यांची पाकिटं फळीवर ओळीनं मांडलीस आणि मला बोलावलंस.

"रोग एक हाय का चार?"

मी म्हणालो, तसा एकच.

"मग गोळ्या येवढ्या कशाला? एकाच पावण्याला चार ताटं?"

मला त्या वेळी फार उत्साह होता. घरातला पहिला पदवीधर, त्यात हाच विषय नुकताच शिकलेला. मी तुला सांगायला लागलो की पोटावरची चरबी म्हणजे डब्यात साठवलेलं तूप नव्हे, ती जिवंत असते. तिच्या पेशी गच्च भरल्या, फुगल्या, की त्या धोक्याच्या हाका मारायला लागतात. मग शरीरातल्या पहाऱ्याच्या पेशी धावून येतात. शत्रू कोणी नसतोच, तरी त्या तिथंच ठाण मांडतात आणि लढाईची रसायनं सोडत राहतात. त्या गोंधळात इन्सुलिनचा निरोप स्नायूंपर्यंत आणि यकृतापर्यंत नीट पोचत नाही. निरोप पोचला नाही की साखर रक्तातच फिरते, चरबी वाढते, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, दाब चढतो. म्हणून चार गोष्टी एकदम दिसतात, पण मुळाशी बऱ्याचदा हाच मंद दाह असतो.

तू भाकरी थापत ऐकत होतीस. म्हणालीस, "म्हंजे समदी एकदम वरडाय लागली की कुनाला भाकरी पायजे न कुनाला भात, मला ऐकू येत न्हाय. तसं?"

तसंच, मी म्हणालो. मला इतका आनंद झाला की मी तिथंच थांबायला हवं होतं. पण दाह हा शब्द तुला पुस्तकी वाटेल म्हणून मी सोपं करायला गेलो आणि म्हणालो, "थोडक्यात, आत सूज आहे."

तू पोट चाचपलंस. मग पाय पुढे करून घोट्यावर अंगठा दाबलास आणि खड्डा पडत नाही हे मला दाखवलंस. "कुटं हाय सूज? दिसत न्हाय ती सूज कसली?"

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून परत आलो तर मेसमध्ये सगळे खाली मान घालून हसत होते. सूज आहे म्हटल्यावर तू आपल्याकडे मुरगळलेल्या पायाला लावतात तसा आंबेहळदीचा गरम लेप पोटभर थापून घेतला होतास. लुगडं पिवळं, हात पिवळे, आमटीच्या पातेल्याचं झाकणसुद्धा पिवळं. फाउंड्रीच्या भट्टीवरचा कोणीतरी मामांना विचारत होता, हळद लागली, लगीन कधी? आणि तू शांतपणे वाढत म्हणालीस, "हसा की. डाक्टर आमच्या घरात हाय. त्यानंच सांगितलंय सूज हाय म्हनून."

तो लेप तू आठवडाभर लावलास. मी रोज सांगायचो की ही सूज बाहेरून लेप लावून जाणारी नाही, आणि तू रोज सांगायचीस की मग ती सूज न्हवंच. या मुद्द्यावर आपण पुढची कितीतरी वर्षं भांडलो.

माझं म्हणणं सिद्ध करायचं म्हणून मी तुझं रक्त घेतलं. यकृतात तयार होणारं एक प्रथिन असतं, सीआरपी. शरीरात कुठं दाह असला की ते वाढतं. तुझं वाढलेलं होतं. कमरेचा घेर बघता थोडं वाढणार हे मी धरलंच होतं, पण हे जरा जास्तच होतं. सर्दी नाही, ताप नाही, गुडघेदुखी नाही, कुठं जखम नाही. थोड्या दिवसांनी परत बघितलं, तरी तेच. आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अजून कुठंतरी काहीतरी धुमसतंय, शोधा. मी तुला खोदून खोदून विचारलं. तू ठामपणे म्हणालीस, मला काय झालेलं न्हाय.

मग तो पेरूचा दिवस. दुपारची जेवणं उरकली होती, तू मागच्या पायरीवर बसून पेरू खात होतीस. मी आलो तसा तू तो पदराखाली घेतलास. मी म्हणालो, मला नको, खा की. तू पेरू काढलास तर जिथं चावला होतास तिथं लालसर डाग.

"आतनं लाल हाय," तू घाईनं म्हणालीस.

मी तो घेतला आणि फोडला. आतून पांढराशुभ्र होता.

मग तू दाराकडे बघून हळू आवाजात सांगितलंस. हिरड्यांतून रक्त कितीतरी वर्षं येत होतं. दोन दात हलत होते. भाकरी तू दुधात कुस्करून खायचीस आणि लोकांना सांगायचीस की मला तशीच आवडते. हे मामांनाही माहीत नव्हतं.

"कुनाला बोलू नगंस," तू म्हणालीस. "रांधनारीच्या तोंडातनं रगत येतंय म्हनल्यावर उद्यापास्नं कोन जेवंल हितं?"

तेव्हा मला कळलं की तुला तुझ्या दातांची फिकीर नव्हती. मेस तुझी होती. मामांची फाउंड्रीतली नोकरी सुटल्यावर तूच ती उभी केली होतीस, आणि तिचं नाव तुझ्या हाताच्या चवीवर आणि स्वच्छतेवर चालत होतं. मी वचन दिलं. पण बदल्यात तुला दातांच्या डॉक्टरांकडे यायला लावलं.

शिरोलीत नको म्हणालीस, कोणीतरी बघंल. म्हणून आपण कोल्हापुरात गेलो. शेजारी विचारायचे तेव्हा तू देवीला चाललोय म्हणायचीस, आणि खोटं बोलल्याचं पाप नको म्हणून दरवेळी दवाखान्यातून खरोखर देवळात जायचीस. हिरड्यांच्या आतली घाण टप्प्याटप्प्यानं काढायची होती, त्यामुळे फेऱ्या वाढल्या. गल्लीत बोलवा झाली की मामीनं कसला तरी मोठा नवस बोललाय. शेजारच्या शालूकाकीनं मला बाजूला घेऊन विचारलं की नोकरीसाठी का माझ्या लग्नासाठी?

डॉक्टरीण बाई मऊ बोलणाऱ्या होत्या, पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. मिश्री बंद. तव्यावर जाळून काळी केलेली ती तंबाखू रोज हिरड्यांना चोळायची आणि हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणायचं, हे जमणार नाही. त्यांनी तुला समजावलं की हिरड्यांतला दाह तोंडापुरता राहत नाही, तो रक्तातून सगळीकडे जातो आणि साखर आवरणं अवघड करतो, आणि साखर वाढली की हिरड्या अजून बिघडतात. दोघी एकमेकींना चढवून ठेवतात. तू मान डोलावलीस. रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "बाई चांगली हाय. पन तिला मिश्रीचं काय कळतंय?"

ते मात्र खरं होतं. मिश्री म्हणजे नुसती तंबाखू नव्हती. सकाळी मेसचं पाणी भरून झालं की मागच्या दारी तू, शालूकाकी आणि पारूकाकी अशा तिघी बसायचात. एकीनं डबी उघडायची, तिघींनी घ्यायची. बोटं तोंडात फिरत असायची आणि त्याच तोंडानं सुनांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा निकाल लागायचा. पुरुष तिकडं फिरकायचे नाहीत. सगळ्या दिवसात तुझं स्वतःचं असं बसणं तेवढंच. मिश्री सोडली म्हणून सांगायचं तर का सोडली ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की रक्ताची गोष्ट मेसपर्यंत जाणार.

सोडायच्या पहिल्या दिवसांत सगळ्या मेसनं भोगलं. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. एका दुपारी भात मागितला म्हणून तू साचे भरणाऱ्या एका धडधाकट मोल्डरला असा दम दिलास की तो पुढचे दोन दिवस फक्त भाकरी खात होता. मामा मला म्हणाले, हिला काय झालंय ते तुला ठावं हाय, आनि तू सांगत न्हाईस.

आणि मग तू तुझा तो मार्ग काढलास. एका सकाळी मी दात घासत मागं आलो तर तू नेहमीच्या जागी बसलेली, बोट तोंडात फिरतंय. मी डोळे मोठे केले. शालूकाकी डबी बंद करत होती, तेवढ्यात तू बोट काढून मला दाखवलंस. स्वच्छ होतं. डबीतली चिमूट तू पदरात सोडली होतीस आणि नुसतं रिकामं बोट हिरड्यांवरून फिरवत होतीस.

पुढची सगळी वर्षं तू ते रोज केलंस. मला त्याचं हसू यायचं आणि रागही यायचा. मी म्हणायचो, "मामी, त्यांना सांग की. त्यांच्याही हिरड्या असतील तशा. पारूकाकीला साखर आहे, शालूकाकीचा दाब वाढतोय. तू सांगितलंस तर ऐकतील."

"सांगून कोन सोडतंय व्हय? तू मला सांगत हुतास तवा मी सोडली का?"

"तुला कारण कळलं म्हणून सोडलीस."

"तू पेरू फोडलास म्हनून सोडली," तू म्हणालीस.

तुझे पुढचे रिपोर्ट आले तेव्हा सीआरपी खाली आलं होतं, साखरही थोडी. फार नाही. डॉक्टरांनी गोळ्या तशाच ठेवल्या, पण पहिल्यांदाच तुला शाबास म्हणाले. मी म्हणालो हिरड्यांमुळे. तू म्हणालीस देवीमुळे, एवढ्या फेऱ्या उगाच झाल्या का? मामा म्हणाले कारल्याच्या रसामुळे, कारण रस ते स्वतः काढून देत होते. शास्त्राच्या बाजूनं प्रामाणिकपणे बोलायचं तर तू त्याच काळात भात कमी केला होतास, संध्याकाळी हायवेच्या कडेकडेनं चालायला लागली होतीस, आणि तंबाखू सोडली होतीस तिचाही वाटा होता. कशाचा किती, ते वेगळं काढून मला सांगता आलं नसतं. तुला मात्र ते आलं, आणि सगळं श्रेय देवीला गेलं.

पण ज्या दिवशी तू सगळ्यांसमोर मेसमध्ये बसून भाकरीचा कडक पापुद्रा कुरकुर चावून खाल्लास, तो दिवस माझ्या पदवीदानापेक्षा मला मोठा वाटतो. कुणाला काही कळलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे.

आणि तरीही ती दुपार आली. वाढणं उरकून तू जरा टेकलीस आणि उठली नाहीस. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मी हे सगळं शिकलो आहे. इतकी वर्षं आत धुमसलेलं शेवटच्या काही वर्षांत सगळंच्या सगळं विझत नाही, हे मला माहीत होतं. आता कॉलेजात शिकवताना वर्गात पोरांना मी तेच सांगतो. पण माहीत असणं आणि तुझं रिकामं ताट बघणं यात काही संबंध नाही, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. एवढंच समाधान आहे की ती वर्षं तू चावून, चालून, भांडून जगलीस.

आभार मी तुझे कधी मानले नाहीत. आपल्याकडे घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं तर ते माणूस परकं केल्यासारखं वाटतं. तू तर म्हणाली असतीस, काय झालंय रं तुला, बरा हायस न्हवं? म्हणून ते राहिलं. आता म्हणतो. टेबलाबद्दल, दमाबद्दल, आणि मी शिकलेलं काहीतरी तुझ्या अंगाला लागू दिलंस त्याबद्दल.

उत्तरकार्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर शालूकाकीनं मला मागच्या दारी बोलावलं. पारूकाकी तिथं होती. शालूकाकीनं थेट विचारलं, "संभा, मामीनं मिश्री सोडलीती न्हवं?"

मी वचनात होतो. गप्प राहिलो.

"गप बसलास तरी कळतंय. थुकी पांढरी हुती तिची. आमी काय आंधळ्या हाय?"

मी विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीत?

"ती आमच्यासाठी बोट फिरवत हुती. इचारलं असतं तर लाजंनं बसायची बंद झाली असती."

मग दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मला काही कळेना. पारूकाकी म्हणाली, "सांग की आता त्याला."

"मीबी सोडली," शालूकाकी म्हणाली. "तिच्या तोंडाला तकाकी आली, कडक भाकरी खाया लागली. म्हनलं हिनं कायतरी केलंय. ह्या पारूनं तर माझ्याबी आदी सोडलीती. मामी जाईस्तवर एकमेकीला कळू दिलं न्हाय. रोज डबी उगडायची, रोज चिमूट घ्यायची, आनि तिघीबी नुस्ती बोटं फिरवत बसायचो."

मामी, मी तिथंच पायरीवर बसलो आणि हसत राहिलो. नंतर कधी रडायला लागलो ते कळलं नाही. आपलं भांडण आता कसं मिटवायचं? मी म्हणत होतो, सांगितल्याशिवाय कोणी सोडणार नाही. तू म्हणत होतीस, सांगून कोणी सोडत नाही. तू काही सांगितलं नाहीस, आणि त्यांनी सोडली. म्हणजे तू जिंकलीस. पण मीही हरलो असं मला वाटत नाही, कारण माझ्यामुळे तू मिश्री सोडलीस, आणि तू एवढं लपवलेलं तेच सोडणं त्यांनी तुझ्याकडून उचललं.

आज सकाळी मी पुन्हा मागच्या दारी गेलो. दोघी बसल्या होत्या. डबी नव्हती. हात मांडीवर होते आणि तोंडं नेहमीसारखी चालू होती. वहिनीनं, तुझ्या सुनेनं, मेस परत सुरू केली आहे, तिच्या आमटीवर त्यांचं एकमत होत नव्हतं. देवीच्या त्या फेऱ्या कसल्या होत्या ते मी आता त्यांना सांगितलंय, आणि पुढच्या आठवड्यात दोघींना घेऊन त्या दातांच्या डॉक्टरीण बाईंकडे जायचं ठरलंय. पारूकाकी आतापासूनच घाबरली आहे, सुई टोचतील, खरवडतील, रक्त येईल म्हणत होती. शालूकाकीनं तिच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "मामीनं सोसलंय. तू काय तिच्यापरास नाजूक हायस व्हय?"